मागच्या गाडीतून

शुक्रवार

अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असलं की आमच्या जिल्ह्यातले आमदार शुक्रवारी दुपारनंतर विधान भवनातून हळूच पाय काढता घेतात. पूर्वी कसारा घाटात अडकायचे आणि रात्री उशिरा घरी पोचायचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्यांची शुक्रवारची संध्याकाळ मोकळी झाली. मोकळी म्हणजे मतदारसंघाला मोकळी, घरच्यांना नव्हे.

हे मला सांगितलं अशाच एका आमदारांच्या पीएनं. तो माझा विद्यार्थी. दहावीला सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत त्याच्या. आता अख्ख्या तालुक्याची सोयरीक तोंडपाठ आहे. "सर, तुम्ही वर्गात नेहमी विचारायचे, आमदार निवडून गेल्यावर करतो काय. या की एकदा बघायला," असं तो बरेच दिवस म्हणत होता. एकच अट घातली त्यानं, नाव लिहायचं नाही. गावांचीही नकोत. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा मतदारसंघ आहेत, त्यातल्या एकाची ही गोष्ट, एवढं पुरे. लोक त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मला जागा मिळाली मागच्या गाडीत. पुढच्या गाडीत आप्पा, ड्रायव्हर, अंगरक्षक आणि ज्या गावाला जायचं तिथला एखादा कार्यकर्ता. मागच्या गाडीत पीए, प्रिंटर, लेटरहेडचे गठ्ठे, शालींचं पोतं, नारळ आणि मी. रात्री नऊच्या सुमाराला मुंबईहून आलेली गाडी घोटी ओलांडून आम्हाला मिळाली. मला वाटलं, आता घरी जाऊन जेवतील. पीएनं डायरी उघडली आणि म्हणाला, "आधी दारावर जायचंय."

दारावर जाणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. ज्या घरी माणूस गेलं तिथं सतरंजीवर जाऊन बसायचं, काय झालं होतं विचारायचं, ऐकायचं, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. पण आमदारांचं दारावर जाणं हे वेगळं शास्त्र आहे. गाडी गावाच्या कमानीपाशी थांबली. पीए उतरून पुढच्या गाडीपाशी गेला आणि खिडकीतून दीड मिनिटात सगळं सांगितलं: वारले ते मधले भाऊ, थोरला ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होता, आता निवृत्त, मुलगी पिंपळगावला दिलेली, दवाखाना नाशिकचा, बिल बरंच झालंय, आणि मागच्या निवडणुकीत हे घर आपल्याकडं नव्हतं. शेवटचं वाक्य त्यानं बाकीच्यांच्याच सुरात सांगितलं.

आप्पा जमिनीवर बसले. भाषण नाही, फोन नाही. थोरल्या भावानं आजारपणाची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली; त्या दिवसात पन्नासाव्यांदा सांगत असेल. आप्पांनी मध्ये दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही बरोबर जागी. बिलाचा विषय घरच्यांनी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. उठताना मात्र पीए मागं थांबला आणि धाकट्याला बाजूला घेऊन दवाखान्याचे कागद मोबाइलवर मागवून घेतले. धर्मादाय ट्रस्टचं रुग्णालय असेल तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखीव असतात, हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना माणूस गेल्यावर कळतं. पीएला ते पाठ आहे.

त्या रात्री अशी आणखी दारं झाली. शेवटचं झालं तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.

शनिवार

सकाळी सातला मळ्यावर पोचलो तर ओट्यापुढं खुर्च्या भरलेल्या. जनता दरबार वगैरे इथं कुणी म्हणत नाही. "बसलेत का आप्पा?" एवढंच विचारतात. चहा चालूच असतो. पातेलं उतरत नाही.

मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मळ्यातली विजेची डीपी जळाली, नवीन येईना, द्राक्षं पाण्यावर आहेत. संजय गांधी निराधारचे पैसे दोन महिने आले नाहीत. शेजाऱ्यानं बांध कोरला. एसटीची सकाळची फेरी बंद केली, दहावीची पोरं परीक्षेला कशी जाणार. वस्तीवर बिबट्या येतो, पिंजरा लावा. आणि पिंजरा लावत नसाल तर रात्रीची थ्री फेज बंद करून दिवसा द्या, म्हणजे पाणी भरायला अंधारात जायला नको. मुलाला नोकरी. मुलीची बदली. सुनेचं रेशन कार्डात नाव. एका आजोबांना काहीच नको होतं, ते दर शनिवारी येतात, असं पीए म्हणाला.

आप्पांची पद्धत अशी: ऐकता ऐकता फोन लावायचा आणि स्पीकरवर टाकायचा. समोरचा अधिकारी 'साहेब, करतो' म्हणाला की ते अर्जदारानं स्वतःच्या कानानं ऐकलं पाहिजे. काम होवो न होवो, फोन झाला. मग पीए लेटरहेडवर पत्र छापतो, आप्पा बोलता बोलता सही करतात, आणि माणूस ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून जातो. शिफारस पत्रात नवीन काही नसतं. जो अर्ज त्यानं आधीच कचेरीत दिलेला आहे, तोच 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी' या शेपटीसह परत जातो. पण आधी तो टेबलाच्या खाली होता, आता वर येतो.

मी हिशेब करत बसलो. त्या सकाळी जेवढी माणसं आली त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं काम तलाठी, ग्रामसेवक, वायरमन, डेपो मॅनेजर किंवा तहसीलच्या एखाद्या कारकुनाचं होतं. कायदे करणाऱ्या सभागृहाशी संबंध असलेलं एकही नाही. म्हणजे जवळजवळ एकही नाही. एक होतं, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

यात लोकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. मधल्या पायऱ्याच नाहीशा झाल्या होत्या. नाशिक जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडं गेला. पूर्वी गटारीसाठी गणाचा म्हणजे पंचायत समितीचा सदस्य, रस्त्यासाठी गटाचा म्हणजे जिल्हा परिषदेचा सदस्य आणि फारच अडलं तर आमदार, अशी रांग होती. ती रांग मोडली की गटारही आमदारांच्याच ओट्यावर येते.

गाडीत बसायच्या आधी मी आप्पांना विचारलंच. "वायरमनला तुम्ही फोन करायचा, हे बरोबर वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत, सर," ते म्हणाले. "पण आज फोन केला नाही तर सोमवारपर्यंत बाग सुकते. बाग सुकल्यावर मी व्यवस्था सुधारून काय करू?"

उत्तर खरं होतं, पण अर्धं. दुसरा अर्धा भाग पीएच्या डायरीत आहे: कुणाला फोन केला, कधी, कोणत्या कामासाठी, कोणत्या गावाचा. वायरमन आपण होऊन वेळेवर यायला लागला तर त्या डायरीला किंमत उरणार नाही, आणि हे ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना, आप्पांसकट, नीट ठाऊक आहे.

दहानंतर भूमिपूजनं. याबद्दल फार लिहीत नाही. मांडव, फेटा, शाल, श्रीफळ, कुदळ, नारळ, कोनशिला, आणि ध्वनिक्षेपकावर 'आपल्या सर्वांचे लाडके'. एका गावात पेव्हर ब्लॉक, दुसऱ्यात दशक्रिया विधीचं शेड, तिसऱ्यात हायमास्ट. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा. आकडा ऐकायला मोठा, पण शंभर गावं धरली तर गावाला ५ लाख येतात, आणि ५ लाखांत सिमेंटचा रस्ता मंदिरापासून सुरू होऊन पाण्याच्या टाकीपर्यंतसुद्धा जात नाही. म्हणून मोठी कामं दुसऱ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे सरकारी खर्चाच्या दुसऱ्या कप्प्यांतून, आणावी लागतात: जिल्हा नियोजनातून, बांधकाम खात्याच्या अर्थसंकल्पातून, ग्रामविकासच्या '२५१५' मधून. हा लेखाशीर्षाचा क्रमांक, पण गावागावात सरपंच तो घरच्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेतात. "आप्पा, पंचवीस-पंधरात बसवा की आमचं."

पाटी मात्र सगळ्यांवर सारखीच. रस्ता पन्नास मीटरचा असला तरी पाटी दुरून वाचता येईल एवढी.

दुपारी एका वस्तीवर जेवण होतं. आप्पा कुणाच्याच पंगतीला पोटभर जेवत नाहीत, कारण पुढच्या घरी 'आमच्याकडं घासही नाही?' ऐकावं लागतं. ड्रायव्हरजवळ डबा असतो: बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा. दोन गावांमध्ये कडेला गाडी लावून ते दहा मिनिटांत खातात. बरोबरच्यांना मात्र आग्रह टाळता येत नाही. मी पुरणपोळी दोन ठिकाणी खाल्ली आणि झोप आवरत संध्याकाळच्या लग्नांना गेलो.

लग्नांचा मला राग आला, तो लिहितो. गोरज मुहूर्त. नवरा-नवरी पाटावर, अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, ब्राह्मण तयार. तेवढ्यात माइकवरचा माणूस म्हणतो, "आमदारसाहेबांचं आगमन होत आहे, दोन मिनिटं." मग सत्कार, टॉवेल-टोपी, मग एक माजी सभापती, एक सोसायटीचे चेअरमन, मग आशीर्वादपर मनोगत. मुहूर्त गेला तो गेलाच. नवरी मुलगी घामाघूम. आप्पांनी माइक घेऊन "आधी मंगलाष्टकं, मी नंतर बोलतो" म्हटलं, आणि नंतर बोललेच नाहीत. ते मला आवडलं. पण पुढच्या मांडवात हेच पुन्हा घडलं. पत्रिकेवर 'प्रमुख उपस्थिती' छापलेली असते आणि उपस्थिती छापली की ती वाजवून घ्यावीच लागते. आमदार आला नाही तर यजमान वर्षभर बोलून दाखवतो, असं पीए म्हणतो. त्याच्या डायरीत लग्नांना हिरवी खूण, दुःखाला निळी. लग्न एक वेळ चुकलं तर चालतं, निळी खूण चुकवायची नाही, हा त्याचा नियम.

रविवार

सकाळी नाशिकला, रामकुंडावर. एका जुन्या कार्यकर्त्याचं दशक्रिया. सिंहस्थ २०२६-२७ चा, त्यामुळं पंचवटीत कामांची लगबग आहे. वाट काढत गोदाघाटावर उतरलो. कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी असताना एका बाजूला माइकवर श्रद्धांजलीपर भाषणं चालू होती. आपल्याकडं दशक्रियाही सभा झाली आहे. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचा फक्त शोकसंदेश आला, हे घाटावरच मोजलं जातं. आप्पा बोलले चार वाक्यं. गेलेल्या माणसानं ऐन थंडीत सायकलवर फिरून मतदार यादी तपासली होती, एवढंच सांगितलं. घरची माणसं तेव्हा पहिल्यांदा रडली.

घाटावरून काळाराम मंदिर पाच मिनिटांवर. इतिहासाचा मास्तर असल्यामुळं माझे पाय तिकडं वळले. २ मार्च १९३० ला इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, आणि स्थानिक धुरा होती दादासाहेब गायकवाडांकडं. ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. पुढं मुंबईच्या कायदेमंडळात गेले, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेत, नंतर राज्यसभेत. भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह उभे केले, माणसं तुरुंगात नेली. मतदारसंघाशी संबंध ठेवण्याची तीही एक रीत होती. पीएला म्हटलं, "यांच्या दौऱ्यात पेव्हर ब्लॉक नव्हते." तो हसला. "सर, तेव्हा व्हॉट्सअॅप पण नव्हतं."

मिसळ खायला थांबलो. नाशिकला येऊन मिसळ न खाता जाणं आप्पांनाही जमत नाही. पण तर्री येईस्तोवर पाच जणांचे सेल्फी झाले, पापड मोडला तेव्हा आणखी तिघं आले, आणि पाव तसाच राहिला.

दुपारी ज्यासाठी मला बोलावलं होतं ते, असं मी धरून चालतो. एका द्राक्षबागेत शेड होतं, पॅकिंगचं. क्रेट बाजूला सारून माणसं खाली कागदावर बसलेली. साठेक शेतकरी. फेटा नाही, शाल नाही, कुणी पुढं पुढं करत नाही. यांच्यातलाच एक जण शनिवारी सकाळी ओट्यावर येऊन दोन वाक्यं बोलून गेला होता.

प्रकार जिल्ह्याला नवा नाही. बाहेरच्या राज्यातला व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला येतो, गावात खोली घेतो, एका स्थानिक दलालाला हाताशी धरतो. पहिल्या दोन-चार बागा रोखीनं घेतो, तेही बाजारापेक्षा किलोमागं दोन-तीन रुपये जास्त देऊन. गावात बोलबाला होतो. मग पुढच्या बागांना निम्मे पैसे आणि निम्म्याचा चेक, मग नुसता चेक, मग 'गाडी खाली झाली की देतो'. द्राक्षं काढणीला आली की थांबत नाहीत. साखर उतरलेली, त्यात अवकाळीचं ढग दिसलं की शेतकऱ्याचा हात सैल होतो. एक दिवस फोन बंद. खोलीला कुलूप. दलाल म्हणतो, माझेही बुडाले. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा कितीतरी जणांचे पैसे परत मिळाले होते. इथं जमलेल्यांना तीच आठवण होती. "तसंच करायला लावा, आप्पा. ठाण्यात फोन लावा."

आप्पांनी फोन लावला नाही. मी तीन दिवसांत त्यांना पहिल्यांदाच फोन खाली ठेवताना पाहिलं. ते म्हणाले, फोन लावतो, पण आधी एक ऐका. कांदा आपण लासलगावला नेला की लिलाव होतो, व्यापाऱ्याकडं बाजार समितीचा परवाना असतो, पैसे बुडवले तर जबाबदार कोण ते कागदावर असतं. द्राक्षं आपण बांधावर विकतो. २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनातून मोकळा केला. बांधावर येऊन माल घेणाऱ्याला आता परवाना लागत नाही, अनामत लागत नाही, कुठं नोंदही नाही. तो कोण, कुठला, हे त्याच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून आपण ठरवतो.

"मग आडत परत आणायची का?" मागून एकानं विचारलं. आवाज तापला होता. बाजार समितीत आडत म्हणून, म्हणजे अडत्याची दलाली म्हणून, काय कापलं जातं, तेही त्यांना माहीत होतं.

यावर खरी चर्चा झाली, तास-सव्वा तास. एक म्हणाला, नोंदणी तहसीलला करा, अनामत ठेवा, पण सेस, म्हणजे बाजार शुल्क, नको. दुसरा म्हणाला, नोंदणी केली तर छोटे व्यापारी येणारच नाहीत, मग भाव मोठे पाडतील. एका बाईंनी, नवऱ्याच्या मागं बाग त्याच सांभाळतात, विचारलं की चेक बाउन्सची केस निकालात निघायला वर्षं लागतात, तोवर सोसायटीचं कर्ज थकतं, त्याचं व्याज कुणी भरायचं. त्याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. आप्पांनी पीएकडून कोरा कागद मागून घेतला आणि स्वतः लिहीत राहिले. दोन दिवसांत त्यांच्या हातात पेन मी फक्त सहीपुरतं पाहिलं होतं.

परतताना मला पुढच्या गाडीत बसवलं. आप्पा म्हणाले, यावर लक्षवेधी लागायला पाहिजे, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना. पण लक्षवेधी सूचना ढिगानं येतात, त्यातल्या दिवसाला थोड्याच लागतात. तारांकित प्रश्न, ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, तो आता टाकला तर पुढच्या अधिवेशनात. उद्या औचित्याचा मुद्दा म्हणून विषय थोडक्यात मांडता येईल, वेळ मिळाला तर. २८८ सदस्यांचं सभागृह, मिनिटं मोजून मिळतात.

"आणि मिळालाच नाही तर?"

"तर पत्र," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच हसले. मंत्र्यांकडं त्यांनाही पत्रच द्यावं लागतं. तिथं त्यांचाही अर्ज टेबलाच्या वर यायचा असतो.

संध्याकाळी दोन लग्नं, एक हळद, एक अखंड हरिनाम सप्ताहाचं काल्याचं आमंत्रण, आणि जाताजाता एका निळ्या खुणेचं घर. मी गाडीतच बसून राहिलो.

सोमवार

आप्पा पहाटेच गेले. मी घरी चहा घेत विधानसभेचं थेट प्रक्षेपण मोबाइलवर लावून बसलो. अर्धा दिवस गोंधळातच गेला, विषय भलताच, दोनदा कामकाज थांबलं. तिसऱ्या प्रहरी अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या तालिका अध्यक्षांनी आप्पांचं नाव पुकारलं. दीड मिनिट मिळालं. त्यांनी बांधावरच्या खरेदीची नोंदणी, अनामत आणि चेकच्या केसची दिरंगाई एवढं नेमकं मांडलं, वाक्यं रविवारच्या कागदावरचीच होती. बाईंचा व्याजाचा प्रश्नही घेतला. संबंधित मंत्री सभागृहात नव्हते. शासनानं नोंद घ्यावी, असं तालिका अध्यक्ष म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

पीएनं त्या दीड मिनिटाची चित्रफीत कापून तासाभरात सगळ्या गटांवर टाकली. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली, 'शेतकऱ्यांचा बुलंद आवाज' वगैरे. त्यात बागेतल्या त्या शेतकऱ्याचाही निरोप होता. पीएनं मला तो मुद्दाम पाठवला.

"आप्पा, छान बोलले. ठाण्यात फोन झाला का?"